पनीर चुरा, भाजी विसरा: कोल्हापुरी ताटात रोजचं पनीर

कोल्हापुरात दुधाला तोटा नाही. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी करून धार काढून देतात, गोकुळ आणि वारणाच्या पिशव्या पहाटे गल्लीबोळात पोचतात, आणि घरात तालमीला जाणारं पोरगं असेल तर दुधाचा हिशेब घरभाड्याच्या जोडीनं होतो. पनीर मात्र आपण हॉटेलात बसून खायची गोष्ट करून ठेवलीय. पाहुणे आले की पनीर मसाला, वाढदिवसाला पनीर टिक्का, एरवी महिना महिना नाव नाही.

याचं कारण म्हणजे चौकोनी तुकडा. तुकडा आला की ग्रेव्ही आली, ग्रेव्ही आली की काजू, टोमॅटो, वाटण आणि तासभर उभं राहणं आलं. सकाळी आठच्या आत डबा भरणाऱ्याला ते कुठलं परवडायला? त्यापेक्षा पनीर हातानं चुरा. चुऱ्याला ग्रेव्ही लागत नाही, सुरी लागत नाही, आणि पोह्यापासून झुणक्यापर्यंत जे आधीच शेगडीवर आहे त्यात तो खपतो. दुसरं असं की पनीर आतपर्यंत मसाला ओढून घेत नाही. कितीही उकळा, तुकडा बाहेरून लाल आणि आतून पांढरा, अळणीच राहतो. आपल्या कांदा-लसूण चटणीच्या रश्श्यात तर हे फारच जाणवतं: आधी जाळ, मग एकदम फिक्कं. चुरा केला की दाण्यादाण्याला तिखट-मीठ लागतं.

हे सगळं मी खोलीवर राहणारे विद्यार्थी, शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नव्यानं कामाला लागलेले आणि पहिल्यांदाच स्वतःची चूल मांडलेले लोक डोळ्यासमोर ठेवून लिहितोय. एक शेगडी, एक जाड बुडाचं पातेलं आणि एक धुतलेलं सुती फडकं एवढ्या सामानावर काम भागतं.

दूध कुठलं घ्यायचं

म्हशीचं. इथं फार विचार करायची गरज नाही. म्हशीच्या दुधात साधारण 7 टक्के स्निग्धांश असतो आणि प्रथिनंही गाईच्या दुधापेक्षा जास्त असतात, त्यामुळे एका लिटरला अंदाजे 200 ग्रॅम पनीर निघतं. गाईच्या दुधाला तेवढं निघत नाही, 150-160 ग्रॅमवर समाधान मानावं लागतं, आणि ते जरा मऊ असतं. पिशवीचं दूध घेणार असाल तर पिशवीवरची बारीक अक्षरं वाचा: फुल क्रीम म्हणजे किमान 6 टक्के स्निग्धांश, टोन्ड म्हणजे 3, डबल टोन्ड म्हणजे दीड. फुल क्रीमचं पनीर मऊसूत होतं, डबल टोन्डचं कोरडं. टेट्रा पॅकमधलं महिनोन् महिने टिकणारं दूध या कामाला घेऊ नका, ते फार उच्च तापमानातून गेलेलं असतं आणि त्याचा चोथा नीट धरत नाही.

तुपासाठी साय काढून ठेवायची सवय असेल तर ती मोडू नका. साय काढलेल्या दुधाचं पनीर थोडं कोरडं होतं, पण आपल्याला चुरायचंच आहे, त्यामुळे बिघडत नाही. तूप घरचं, पनीरही घरचं.

खोलीवर फ्रिज नसेल तर अर्धा लिटरच घ्या. शंभरेक ग्रॅम पनीर होईल, सकाळ-संध्याकाळ मिळून एका माणसाला पुरतं, ठेवायचा प्रश्नच येत नाही.

दूध फाडायचं कसं

1. पातेलं आधी पाण्यानं विसळा आणि ओलंच ठेवा, म्हणजे दूध बुडाला कमी लागतं. एक लिटर दूध मध्यम आचेवर ठेवा, अधूनमधून ढवळत राहा, चांगली उकळी येऊ द्या. कट्ट्यावरचं कच्चं दूध असेल तर उकळी आणायला पर्याय नाही.

2. गॅस बंद करा आणि तीन-चार मिनिटं थांबा. ही थांबायची पायरी बहुतेक जण गाळतात. खळखळत्या दुधात आंबट ओतलं की चोथा एकदम आकसतो आणि पनीर चिवट होतं.

3. दोन मोठे चमचे लिंबाचा रस आणि तेवढंच पाणी एकत्र करा. लिंबं महाग असतील तर व्हिनेगर तेवढंच, किंवा किराणा दुकानात मिळणारं लिंबूफूल, पाव ते अर्धा चहाचा चमचा अर्धी वाटी कोमट पाण्यात विरघळवून. माझी पसंती मात्र आंबट दह्याला. वाटीभर दही घुसळून घ्यायचं. पनीर मऊ होतं आणि लिंबाचा वास राहत नाही.

4. आता एकेक चमचा घालत पळीनं हलक्या हातानं ढवळा. पहिल्या दोन चमच्यांना काहीच होत नाही, दूध नुसतं जरा जाड दिसतं. मग पळीच्या पाठीवर बारीक कण दिसायला लागतात, आणि त्यानंतर दोन-चार सेकंदांत सगळं पातेलं फाटतं: मध्ये पांढरे गोळे, कडेनं पिवळसर-हिरवट निवळ. निवळ अशी स्वच्छ दिसली की हात थांबवा. उरलेलं आंबट ओतून टाकायचा मोह आवरा. झाकण ठेवून पाच मिनिटं तसंच राहू द्या.

5. चाळणीत फडकं पसरा, खाली मोठं भांडं ठेवा आणि ओता. खाली जमणारी निवळ टाकायची नाही, तिचं काम पुढं आहे. फडक्यातल्या चोथ्यावर तांब्याभर गार पाणी ओतून आंबटपणा धुऊन काढा.

6. फडक्याची पुरचुंडी बांधून नळाला किंवा खिडकीच्या गजाला अडकवा. चुऱ्यासाठी 15-20 मिनिटं पुरेत. तुकडेच हवे असतील तर पुरचुंडी चपटी करून तिच्यावर पाण्यानं भरलेलं पातेलं अर्धा-पाऊण तास ठेवा आणि मग वडी गार पाण्यात टाका.

निवळ पांढरी, दुधासारखीच राहिली तर दूध पुरतं फाटलेलं नाही. मंद आचेवर परत ठेवा, चमचाभर आंबट घाला, मिनिटभर थांबा. पनीर रबरासारखं झालं तर एकतर फाटल्यावरही उकळलंय, नाहीतर आंबट जास्त झालंय, नाहीतर वजनाखाली विसरलंय. असलं पनीर मीठ घातलेल्या गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवलं की बऱ्यापैकी मऊ येतं.

उन्हाळ्यात इथं हमखास होणारा प्रकार म्हणजे दूध तापवताना आपोआप नासणं. दूध ताजंच होतं, वास बिघडलेला नाही, कडसर चव नाही, तर त्याचाही चोथा गाळून वापरता येतो. वास आला किंवा तार धरली असेल तर मात्र सरळ मोरीत. दुधाचे पैसे गेले म्हणून पोटाची वाट लावायची नाही.

विकतचं आणताना

रोज दूध फाडत बसणं सगळ्यांना जमत नाही आणि जमायलाच पाहिजे असंही नाही. पाकिटाचं आणा, फक्त मागची बाजू वाचा. नियमाप्रमाणे पनीरमध्ये 60 टक्क्यांपेक्षा जास्त पाणी चालत नाही, आणि कोरड्या भागात किमान 50 टक्के दुधाचा स्निग्धांश लागतो. पाकिटावर 'अ‍ॅनालॉग' असा शब्द दिसला तर तो पदार्थ पनीर नव्हे. त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असतं. विकायला बंदी नाही, पण स्वस्त का मिळतंय ते कळून घ्या.

सुटं घेताना थोडं बोटांत चुरून बघा. खऱ्या पनीरचे दाणे सुटतात, दुधाचा वास येतो, चावल्यावर ते विरघळत जातं. दाबल्यावर रबरासारखं परत उसळणारं, चघळतच राहावं लागणारं घेऊ नका. पिठाची भेसळ घरी बघता येते: छोटा तुकडा पाण्यात उकळा, गार करा, टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. निळं झालं तर स्टार्च आहे. यात एक मेख आहे. या परीक्षेत फक्त पीठ पकडलं जातं, तेल नाही. रंग बदलला नाही म्हणजे माल चोख, असं समजू नका.

पाकीट फोडलं की दोन-तीन दिवसांत संपवा. वडी असेल तर पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये, पाणी रोज बदलायचं. चुरा असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात, दोन दिवस. फ्रीजरमध्ये ठेवलेलं पनीर बाहेर काढल्यावर भुसभुशीत होतं म्हणून लोक नाक मुरडतात. तुकड्यांसाठी ते खरंच वाईट, चुऱ्यासाठी तयार माल. मूठ-मूठ चुरा छोट्या पिशव्यांत बांधून फ्रीजरला टाकला की सकाळी एक पिशवी काढायची आणि थेट कढईत.

सकाळचं खाणं

पोहे किंवा उप्पीट नेहमीसारखं करा. गॅस बंद केल्यावर माणशी मूठभर चुरा, थोडं मीठ आणि कोथिंबीर टाकून झाकण ठेवा. वाफेवर तो गरम होतो. आधीच घातला तर कोरडा पडतो आणि खाताना दाताखाली वाळूसारखा लागतो. नवीन माणसानं पहिल्या आठवड्यात एवढं एकच केलं तरी चालेल, कारण यात बिघडण्यासारखं काहीच नाही.

थालीपिठाला जरा हिशेब लागतो. एक वाटी भाजणी, पाऊण वाटी चुरा, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, तीळ, चिमूटभर ओवा, चटणी, मीठ. पाणी लगेच घालू नका. चुरा, कांदा आणि मीठ भाजणीत पाच मिनिटं चोळून ठेवा, त्यांचंच पाणी सुटतं. त्यानंतर लागेल तशी निवळ घालून मळा. थालीपीठ तव्यावर मोडतंय म्हणजे पनीर ओलं होतं. मूठभर भाजणी वाढवा, प्रश्न मिटला. मध्ये भोक पाडून तेल सोडायचं आणि झाकण ठेवून मंद आचेवर भाजायचं. पनीरमुळे हे थालीपीठ गार झाल्यावरही मऊ राहतं, म्हणून डब्याला फार चांगलं.

आंबोळी किंवा अप्पे करत असाल तर चुऱ्यात हिरवी मिरची, आलं, कोथिंबीर कालवून ठेवा. आंबोळीवर एका बाजूला पसरून दुमडायची. अप्प्याच्या खाचेत अर्धं पीठ, वर चिमूटभर सारण, वरून परत पीठ. पिठातच पनीर मिसळलं तर अप्पे पात्राला चिकटतात.

भुर्जी तर येतेच सगळ्यांना. कांदा परतायचा, टोमॅटो, हळद, चटणी, मग चुरा, दोन मिनिटांत खाली. दोनच मिनिटं. पाच मिनिटं परतलीत तर पाणी सुटून आटतं आणि हातात कडक गोळ्या राहतात.

खर्डा-पनीर

या एका पदार्थासाठी मी सगळा लेख लिहितोय म्हटलं तरी चालेल. कोल्हापुरात खर्डा घराघरात असतो, भाकरीही असते, आणि खर्ड्याचा जाळ सोसत नाही म्हणून बाहेरगावची पोरं त्याला हात लावत नाहीत. पनीर इथं नेमकं कामाला येतं.

लोखंडी तव्यावर दोन चमचे तेल सोडा. सात-आठ हिरव्या मिरच्यांचे देठ काढून मोडून टाका, सोबत तेवढ्याच लसणाच्या पाकळ्या. मिरचीवर पांढरे-तपकिरी फोड आले आणि लसणीचा कच्चा वास गेला की मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि खडे मीठ घाला. गॅस बंद. आता तव्यातच तांब्याच्या बुडानं रगडा. मिक्सरला लावू नका, त्यात त्याची पेस्ट होते. खर्डा भरडच पाहिजे, मिरचीची साल दिसली पाहिजे. तवा गरम असतानाच वाटीभर चुरा टाका आणि तव्याला लागलेला सगळा खर्डा त्यात पुसून घ्या. तेलात उतरलेलं तिखट पनीरच्या दाण्यांना लागतं, आणि पनीरमधल्या स्निग्धांशानं जाळ निम्म्यावर येतो. मिरचीचं तिखट पाण्यात विरघळत नाही, स्निग्धांशात विरघळतं. तिखट लागल्यावर दूध-दही खातात ते याचसाठी. दुधातलं केसीन हे प्रथिनही जाळ ओढून घेतं, आणि पनीरमधलं प्रथिन म्हणजे बहुतांश तेच.

गरम शाळूच्या भाकरीचा पापुद्रा उघडा, आत हे भरा, वर कच्च्या कांद्याच्या दोन फोडी. हातात धरून खात-खात कॉलेजला जाता येतं. लिंबू वगैरे पिळत बसू नका. चपातीत भरून गुंडाळी केली तरी चालते, पण भाकरीची मजा नाही. फ्रिज असेल तर हा खर्डा-पनीर दीड-दोन दिवस राहतो. दुसऱ्या दिवशी चमचाभर दही घालून सैल करा आणि ब्रेडला लावा.

दुपार-रात्रीच्या जेवणात

झुणक्यात एक वाटी बेसनाऐवजी पाऊण वाटी घ्या आणि झुणका वाफेला ठेवायच्या आधी अर्धी वाटी चुरा मिसळा. बेसनाचा कोरडेपणा मोडतो. पिठल्यातही जमतं, पण पातळ पिठल्यात चुरा तळाला बसतो, म्हणून वाढताना वरून घातलेला बरा.

भरल्या वांग्याच्या सारणात दाण्याचं कूट जेवढं घालता त्यातला तिसरा हिस्सा पनीरचा चुरा करा. तीळ, खोबरं, चटणी, गूळ सगळं नेहमीचंच. वांग्यातून तेल सुटल्यावर चुरा रस्सा धरून ठेवतो.

आख्खा मसूर हा अपवाद. तिथं तुकडे चालतात, कारण मसुराचा रस्सा घट्ट असतो आणि मसुराच्या दाण्यात चुरा हरवून जातो. तुकडे तव्यावर थेंबभर तेलात दोन बाजूंनी बदामी करून घ्या, मीठ भुरभुरा आणि गॅस बंद करायच्या आधी पाच मिनिटं मसुरात सोडा.

मिसळ घरी केलीत तर फरसाण थोडं कमी करून मोड आलेल्या मटकीवर चुरा पसरा आणि त्यावर गरम कट ओता. वरून कांदा, कोथिंबीर. सोबत पाव नव्हे, स्लाइस ब्रेड, आपल्याकडच्या पद्धतीनं. कटाची तर्री चुऱ्यावर बसते आणि घास जरा सौम्य होतो. जुने जाणते भुवया उंचावतील. उंचावू द्या.

शाकाहारी पाहुण्यांसाठी पांढरा रस्सा करणार असाल तर खसखस, तीळ, काजूचं वाटण, आलं-लसूण-हिरवी मिरची, खडा मसाला आणि नारळाचं दूध हे गणित तेच राहतं. नारळाचं दूध घातल्यावर खळखळून उकळायचं नाही, फाटतं. पनीरचे छोटे तुकडे मिठाच्या गरम पाण्यात भिजवून ठेवा आणि गॅस बंद केल्यावर सोडा. सोबत आजऱ्याचा घनसाळ भात मिळाला तर दुसरं काही करूच नका.

निवळीचं काय करायचं

लिटरभर दुधाला पाऊण लिटरच्या आसपास निवळ उरते. तिच्यात थोडी प्रथिनं, दुधातली साखर आणि क्षार असतात, म्हणून ती मोरीत ओतू नका. चपातीची कणीक तिच्यात मळली की चपाती मऊ राहते. भाकरीला गरम करून घ्या. आमटीला घालायची तर डाळ शिजल्यावरच, कारण आंबट पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, आणि आमसूल-चिंच त्या मानानं कमी करा. एक दिवस बाहेर राहून चांगली आंबलेली निवळ पुढच्या वेळचं दूध फाडायला चालते, लिंबापेक्षा बरीच जास्त लागते एवढंच.

किती खायचं

100 ग्रॅम पनीरमध्ये साधारण 18 ग्रॅम प्रथिनं. म्हणजे दोन मुठी चुऱ्याचं, अंदाजे 50 ग्रॅमचं थालीपीठ खाल्लंत तर नऊएक ग्रॅम प्रथिनं पोटात गेली. व्यायाम करणाऱ्यांना हे ऐकून आनंद होईल. पण म्हशीच्या दुधाच्या पनीरमध्ये 100 ग्रॅमला 20 ग्रॅमच्या वर स्निग्धांशही असतो. तालमीत हजार जोर मारणाऱ्याला तो पचतो, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याच्या पोटावर बसतो. खुर्चीवाल्यांनी साय काढलेलं दूध वापरावं आणि चुरा घालताना पदार्थातलं तेल कमी करावं. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

गोड आणि मधल्या वेळचं

कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या घरात तो त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, तेव्हा साखरेकडं जायचं कारण नाही. वाटीभर ताजा, न दाबलेला चुरा, पाव वाटी किसलेला गूळ, वेलदोड्याची पूड, चमचाभर तूप. मंद आचेवर गूळ विरघळेपर्यंत ढवळा. दुधात गूळ घालून उकळलं की दूध फाटायची भीती असते, इथं ते आधीच फाटलेलं आहे, त्यामुळे बिनधास्त. गरम चपातीत गुंडाळून पोराच्या हातात दिलं की शाळेतून आल्यावरची कुरकुर बंद.

संध्याकाळी भूक लागली की मोड आलेली मटकी वाफवून, त्यात चुरा, काकडी, कांदा, लिंबू, चाट मसाला. भेळीवर घालायचा तर लगेच खा. भडंगात मुळीच घालू नका, कुरकुरीतपणा गेला की भडंगात उरतं काय?

मोबाइलवर हल्ली परदेशी पाककृती फिरतात, त्यात डब्यातून चमच्यानं काढायचं ओलं, दाणेदार, थोडं खारट कॉटेज चीज असतं. ते दाबून वडी न केलेलं असतं आणि बहुतेकदा त्यात पातळ साय मिसळलेली असते. त्या जागी आपली घट्ट वडी किसून घातली तर पदार्थ कोरडा होतो. पुरचुंडी दहाच मिनिटं टांगून उतरवा, दोन चमचे ताजी साय किंवा दही आणि मीठ कालवा, काम होऊन जातं. हेच मिश्रण मिक्सरमधून गुळगुळीत फिरवलं तर सँडविचला मेयोनीजच्या जागी लावता येतं, आणि त्यात खर्डा घातला तर... पण खर्ड्याबद्दल बोलून झालंय.

आणि तांबडा रस्सा? त्यात पनीर घालू नका. तांबड्याची चव मटणाच्या अळणी पाण्यातून येते, आणि पनीर कितीही शिजवलं तरी पाण्याला काही देत नाही. मसाल्याचं लाल पाणी आणि त्यात तरंगणारे पांढरे तुकडे, असं काहीतरी होतं. पाहुणे शाकाहारी आहेत ना, पांढरा करा, सोबत खर्डा-पनीर आणि भाकरी द्या.